घाटाखालच्या शेतकऱ्याचे घराणे

एकोणिसाव्या शतकातील सामान्य शेतकऱ्याचा कुलवृत्तान्त लिहिणे हे सरदार-जहागीरदारांचा इतिहास लिहिण्यापेक्षा अवघड काम आहे, कारण सरदाराचे कागद त्याच्या घराण्याचा हक्क शाबूत राहावा म्हणून जपलेले असतात, आणि शेतकऱ्याचे नाव कागदावर चढते ते बहुधा त्याच्याकडून सारा वसूल करायचा असतो म्हणून. बुलढाणा जिल्ह्यात हा फरक ठळकपणे दिसतो. जिजाबाईंचे माहेर म्हणून सिंदखेडराजाच्या लखुजी जाधवांचे घराणे अभ्यासकांनी पिढीवार मांडले आहे. त्याच जिल्ह्यात मलकापूर-नांदुऱ्याच्या काळ्या जमिनीत कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्या, आपले पूर्वज गुजरातेतून आले असे सांगणाऱ्या लेवा पाटीदार शेतकऱ्याच्या घरी मात्र पणजोबाच्या पलीकडचे नाव सहसा निघत नाही. परमुलखातून येऊन येथे रुजलेल्या अशा शेतकऱ्याचा माग कोणत्या साधनांनी काढता येतो, हा या लेखाचा विषय आहे.

जिल्ह्याची रचना आधी लक्षात घेतली पाहिजे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे दोन भाग केले असून बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हा पठारी मुलूख लोकांच्या बोलण्यात ‘घाटावर’ असतो, तर मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्यातील सपाट मुलूख ‘घाटाखाली’. ही विभागणी नुसती भूगोलाची नाही. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातीजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात कुणब्यांच्या पोटशाखांमध्ये घाटावर राहणारे ते ‘घाटोळे’ असा उल्लेख आहे, आणि ‘लोणहारे’ या शाखेचे नाव लोणार-मेहकरवरून पडल्याचे नमूद आहे. म्हणजे बुलढाण्याचे नाव अंगावर घेऊन बाहेर गेलेले शेतकरीही आहेत आणि बाहेरून येऊन बुलढाण्याचे झालेले शेतकरीही.

लेवा पाटीदार हा दुसऱ्या प्रकारातला समाज. त्याची मुख्य वस्ती पूर्व खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यातील यावल, रावेर, भुसावळ, मुक्ताईनगर या पट्ट्यात असून तिचेच पूर्वेकडील टोक बुलढाणा जिल्ह्याच्या मलकापूर-नांदुरा भागात येते. त्यांची बोली ‘लेवा गणबोली’ म्हणून ओळखली जाते. जळगावजवळच्या आसोद्याला १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेमुळे ती साऱ्या महाराष्ट्राच्या कानावर आहे. यावल तालुक्यातील पाडळसे येथे या समाजाची भोरगाव लेवा पंचायत असून तिच्या परंपरागत प्रमुखाला ‘कुटुंबनायक’ म्हणतात.

पूर्वज गुजरातेतून आले ही आठवण या समाजात सार्वत्रिक आहे, पण ते कधी आणि का आले याच्या कथा एकसारख्या नाहीत. काही कथा पावागडाच्या बाजूने येतात. चांपानेर-पावागड १४८४ साली महमूद बेगड्याच्या हाती पडले हा नोंदलेला इतिहास असल्यामुळे स्थलांतराची कथा या तारखेला नेऊन बांधण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. ज्या कथेला स्वतःची तारीख नसते ती जवळच्या प्रसिद्ध घटनेची तारीख घेते, हे कुलकथांचे जुने वळण आहे. तापीच्या खोऱ्याने गुजरात, खानदेश आणि वऱ्हाड सलग जोडलेले आहेत, बुऱ्हाणपूर ही फारुकी सुलतानांची राजधानी आणि पुढे मोगलांचे मोठे ठाणे याच वाटेवर होते, आणि शेतीत मुरलेली कुटुंबे अशा वाटेने एकदम न येता टप्प्याटप्प्याने सरकत आली असावीत, असा तर्क अधिक सरळ वाटतो.

येथे जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या शेतकऱ्यांची तुलना उपयोगी पडते. पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन शेतकऱ्याचे वंशज आज आपले मूळ गाव शोधू शकतात, कारण जर्मनीतल्या खेड्यातील चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवली जात असे, आणि फिलाडेल्फिया बंदरात १७२७ पासून उतरणाऱ्या जर्मनांच्या नावांच्या याद्या करून त्यांच्याकडून निष्ठेची शपथ घेतली जाई. गावच्या वहीतला माणूस आणि बंदरावरच्या यादीतला माणूस एकच आहे हे जुळले की समुद्राच्या दोन्ही बाजू सांधल्या जातात. तापीकाठाने बैलगाडीत बिऱ्हाड घालून आलेल्या कुणब्याचे नाव लिहून घेणारा वाटेत कोणी नव्हता, आणि गावच्या देवळात जन्ममृत्यूची वही ठेवण्याची रीतही नव्हती.

ती उणीव काही अंशी भाटांनी भरून काढली. गुजरातेत पाटीदारांसारख्या जातींच्या वंशावळी राखणारे ‘वहीवंचा बारोट’ असतात. वही वाचून दाखवणारा तो वहीवंचा. यजमानाच्या गावी फेरी करायची, वाडवडिलांची नावे सर्वांसमक्ष वाचायची, मधल्या काळात जन्मलेल्या मुलांची नावे चढवायची आणि दक्षिणा घेऊन पुढच्या गावाला जायचे, असा हा पिढीजात व्यवसाय. ए. एम. शहा आणि आर. जी. श्रॉफ यांनी १९५८ साली या बारोटांवर लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकातच त्यांना वंशावळकार आणि पुराणकथाकार अशी दोन्ही विशेषणे लावली आहेत, आणि वही वाचताना ही दुहेरी ओळख विसरून चालत नाही. वहीचा वरचा भाग कुळाला सूर्यवंशाशी किंवा एखाद्या राजाशी जोडतो, कारण यजमानाला ते ऐकायला आवडते. खालच्या चार-सहा पिढ्या त्या मानाने भरवशाच्या, कारण त्या ऐकताना चूक काढणारी म्हातारी माणसे समोर बसलेली असतात. दक्षिण महाराष्ट्रात हेच काम हेळवी करतात.

वहीनंतर हाती लागणारा दुसरा पुरावा शेतजमिनीचा, आणि एकोणिसाव्या शतकापुरता तोच सर्वांत बळकट आहे. खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला, तर वऱ्हाड निजामाकडेच राहिले; १७२४ साली याच जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिझखानाचा पराभव करून निजाम-उल्-मुल्काने दख्खनमध्ये पाय रोवले होते. हैदराबादच्या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. या पस्तीस वर्षांच्या फरकामुळे एकाच भाऊबंदकीच्या दोन शाखा दोन राज्यांत वागत होत्या. रावेरकडच्या भावाचा साहेब मुंबईचा होता, मलकापूरकडच्या भावाचा सारा निजामाचा इजारदार, म्हणजे वसुलीचा ठेकेदार, देशमुख-देशपांड्यांच्या हातून गोळा करत होता. पलीकडे जमीन मोजणीचे काम सुरू झाले तेव्हा १८५२ साली सावदा, फैजपूर, यावल आणि एरंडोल या भागात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन ते अडवले, आणि सरकारला फौज पाठवावी लागली. सावदा, फैजपूर, यावल ही लेवा वस्तीच्या ऐन मध्यातली गावे आहेत. साखळीने मोजलेली जमीन म्हणजे वाढलेला सारा, ही भीती शेतकऱ्यांच्या मनात होती.

वऱ्हाडात ही मोजणी १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या पद्धतीने, म्हणजे रयतवारीने झाली. या पद्धतीत सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये जमीनदार नसतो. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळतो, एकर-गुंठ्यांत क्षेत्र ठरते, मातीच्या प्रतीवरून सारा बसतो, तो साधारण तीस वर्षे कायम राहतो, आणि ज्याच्या नावावर तो लागतो तो खातेदार जमीन विकू शकतो, गहाण ठेवू शकतो, मुलांना देऊ शकतो. नंबर, क्षेत्र आणि सारा यांची गाववार यादी म्हणजे आकारबंद. शेताच्या हद्दी आणि मापे दाखवणारे कच्चे रेखाटन म्हणजे टिपण. घरात शेतांची नावे वेगळीच असतात, कुठे चिंचेचे, कुठे माळाचे, कुठे नाल्याकाठचे. पण चिंच वठली तरी सर्व्हे नंबर सहसा टिकतो, आणि आजच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर धरून मागे गेले की जुन्या नंबराशी आणि त्यापुढे लिहिलेल्या पहिल्या खातेदाराशी गाठ पडते. त्या ओळीत नाव ‘अमुक वल्द तमुक’ असे येते. ‘वल्द’ म्हणजे मुलगा. एवढ्या एका शब्दाने दोन पिढ्या मिळतात, आणि बाप निजामाच्या अमलात जन्मलेला असल्याने वंशावळ कागदाच्या जन्माआधीच्या काळात शिरते.

कागदावरच्या या मालकीला बाजारात किंमत आली ती कापसाने. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मँचेस्टरला तिकडचा कापूस मिळेना, वऱ्हाडी कापसाचे भाव भडकले, त्याच सुमारास मुंबईहून भुसावळमार्गे नागपूरला जाणारी रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव या गावांवरून गेली, आणि १८७० साली जलंब ते खामगाव हा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत सुरू झाला. युद्ध संपल्यावर भाव उतरले, पण तेजीत काढलेले कर्ज राहिले. म्हणून या पिढीच्या वंशावळीत खरेदीखते आणि गहाणखते भाटाच्या वहीइतकीच महत्त्वाची ठरतात. गहाणखतावर कर्जदाराबरोबर भाऊ आणि सज्ञान मुलगे यांची नावे येतात, चतुःसीमेत शेजारच्या शेताचा मालक येतो, आणि तो पुष्कळदा चुलतभाऊ निघतो. एकत्र कुटुंब कोणत्या साली फुटले हे घरातले कोणी सांगू शकत नसले, तरी एका नंबराची दोन खाती झाल्याची नोंद ते सांगते.

आडनावावर मात्र फार विसंबू नये. पाटील, चौधरी, महाजन ही नावे गावकीच्या अधिकारावरून आलेली असल्याने एकमेकांशी नाते नसलेली घराणी तेच नाव लावतात, आणि एकाच घराण्याची एक शाखा पाटील तर दुसरी नारखेडे किंवा भोळे असू शकते. जातीच्या रकान्यातही कधी ‘कुणबी’, कधी ‘लेवा कुणबी’, कधी ‘पाटीदार’ असे लिहिलेले आढळते. लिहिणाऱ्याला जे ऐकू आले ते त्याने लिहिले, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याच्या प्रथेमुळे दोन पिढ्यांतली दोन माणसे एकच समजली जाण्याचा धोका वेगळाच.

स्त्रियांचा शोध हा या कामातला सर्वांत दुबळा दुवा. सारा पुरुषाच्या नावावर असल्याने बाई महसुली कागदात येते ती ‘बेवा’, म्हणजे विधवा झाल्यावर, नाबालिग मुलाची पालनकर्ती म्हणून. तिचे नाव मिळण्याची अधिक शक्यता कोतवाल बुकात असते. कोतवाल हा गावकामगार; गावात झालेल्या जन्म-मृत्यूंची वर्दी पोहोचवणे हे त्याचे काम, आणि त्यावरून जी नोंदवही तयार होई तिला वऱ्हाडात कोतवाल बुक म्हणतात. तारीख, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, जात, मृत्यू असेल तर वय आणि कारण, असे तिचे रकाने. कारणे मोजक्या शब्दांत आटोपलेली असतात: ताप, देवी, पटकी, हगवण. संवत १९५६ चा म्हणून ‘छप्पनचा’ म्हटला गेलेला १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडात भीषण होता, आणि त्या वर्षांची पाने या वह्यांमध्ये दाट भरलेली दिसली तर आश्चर्य वाटायला नको. अलीकडे या वह्यांना पुन्हा मागणी आली आहे ती जातीच्या दाखल्यांसाठी. कुणबी नोंदी शोधण्याकरिता राज्य सरकारने २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमल्यावर अभिलेख कक्षांतील जुनी दप्तरे धडाधड उघडली गेली. कुलवृत्तान्त लिहिणाऱ्याला हा अनपेक्षित लाभ आहे, मात्र दाखला शोधणारा जातीचा एक शब्द मिळताच थांबतो आणि बाकीची ओळ न वाचताच पान उलटतो.

बाईचे माहेर कळले की घराण्याचा नकाशाच बदलतो. मलकापूरकडच्या लेवा कुटुंबांच्या सोयरिकी पश्चिमेला, रावेर-यावल-भुसावळच्या दिशेने होत आल्या, आणि सरहद्दीच्या पलीकडून आलेल्या सुनांनीच ही पूर्वेकडची वस्ती मूळ समाजाशी बांधून ठेवली. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या ‘नामावळी’ येथे मदतीला येतात. यात्रेकरू आला की त्याचे गाव, वाडवडील, भाऊ, मुले आणि अनेकदा बायकांची नावेही लिहून घेतली जातात, पुढच्या पिढीतला कोणी आला की त्याच पानावर भर पडते. रेल्वे झाल्यावर मलकापूरहून नाशिक जवळ आले, आणि ज्याने अस्थी पोहोचवल्या त्याने नावही लिहिले. हरिद्वारसारख्या क्षेत्रांतील अशा वह्यांचे सूक्ष्मचित्रण अमेरिकेतील युटा येथील वंशावळ संस्थेने १९७७ पासून केलेले आहे. जर्मन चर्चच्या वह्यांचे चित्रण करणारी संस्थाही तीच.

तेव्हा मलकापूरच्या शेतकऱ्याचे घराणे साधारण १८३० च्या आसपास जन्मलेल्या पुरुषापर्यंत कागदाच्या आधाराने नेता येते, त्यामागच्या काही पिढ्या वहीच्या भरवशावर मांडता येतात, आणि गुजरातचे मूळ ही समाजाने स्वतःविषयी सांगितलेली गोष्ट म्हणून वेगळ्या प्रकरणात द्यावी लागते. तिन्ही एका सरळ रेषेत ओढून छापलेल्या वंशवृक्षांवर विश्वास ठेवू नये, मग त्यांचा कागद कितीही गुळगुळीत असो.

प्रत्यक्ष शोधाला निघणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खामगाव आणि जळगाव (जामोद) हे तालुके १९०५ सालापर्यंत अकोला जिल्ह्यात होते, त्यामुळे तिकडच्या कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकातील कागदांसाठी बुलढाण्यात हेलपाटे घालण्याआधी अकोल्याच्या अभिलेख कक्षात चौकशी करावी. आणि जुने कागद मोडीत असतील तर ते रद्दीत घालण्यापूर्वी मोडी वाचणाऱ्या माणसाला एकदा दाखवावेत.