जाळ्यातली गोळी

आमच्या गडबच्या खारात बांध घालताना आजोबांना शिशाची एक गोळी सापडली. कुणाची, कधीची? कुणी विचारलेच नाही. ती जाळ्याला वजन म्हणून लागली.

१७७८च्या अखेरीस पनवेलहून पुण्यावर निघालेल्या इंग्रज फौजेने जानेवारी १७७९मध्ये तळेगावच्या तळ्यात जड तोफा टाकून माघार घेतली, हे आपण वाचतो. पण त्या शिपायांच्या चिलमी, तवे, बटणे?

अमेरिकेत व्हॅली फोर्ज येथील १७७७-७८च्या छावणीत झोपड्यांच्या जागा उकरून बटणे, गोळ्या, हाडे मिळाली. शिपाई काय खात, कसे राहत, ते उमगले. तोफ सेनापतीची गोष्ट सांगते, बटण शिपायाची.

तेव्हा नांगराला असे काही लागले, तर भंगारात घालू नका. जागा टिपून तहसील कचेरीत कळवा. आमची गोळी तर जाळ्यासकट खाडीत गेली.