बदली शिक्षिका : मुदत थोडी, जबाबदारी पूर्ण

ऐरोली-वाशीपासून खारघरपर्यंत नवी मुंबईत आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळा उभ्या राहिल्या आणि त्यांच्याबरोबर बदली शिक्षिकांची गरजही निर्माण झाली. २०१७ च्या कायदादुरुस्तीने प्रसूती रजेची मर्यादा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. इतक्या दीर्घ रजेत वर्गाचे जवळजवळ अर्धे वर्ष दुसऱ्या हाती जाते. तेव्हा बदली शिक्षिका म्हणजे केवळ रिकामा तास सांभाळणारी व्यक्ती नव्हे. १९६८ साली जिनिव्हात स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या पदविकेत अंतिम गुणांचा काही भाग शिक्षकाने वर्गातच तपासलेल्या कामावर ठरतो. तेथील हेळसांड मुलांना महागात पडते.

संसारासाठी नोकरी सोडलेल्या भगिनींना हे काम पुन्हा वर्गात आणू शकते. मात्र होकार देण्यापूर्वी मुदत, वेतन दिवसावर की महिन्यावर, सुट्ट्यांचा मोबदला, वह्या-उत्तरपत्रिका तपासण्याचा भार आणि अनुभवाचा दाखला, या गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात. रजेवर जाणाऱ्या शिक्षिकेकडून पाठनियोजन व मुलांच्या नोंदी समजून घ्याव्यात. मूळ शिक्षिका परतेल तेव्हा अभ्यास खंडित झालेला नसावा; बदली शिक्षिकेच्या कामाची हीच खरी कसोटी.