लांब फटका की नेमका फटका?

गोल्फच्या मैदानावर एक प्रश्न हटकून ऐकू येतो : सात नंबरच्या आयर्नने तुमचा चेंडू किती लांब जातो? व्यवसायी पुरुष खेळाडूंचा सुमारे 170 यार्ड जातो, व्यवसायी स्त्रियांचा सुमारे 140. परंतु या आकड्यांवरून खेळाची पारख करावी काय?

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की आयर्नवरील आकडा हे प्रमाणित माप नव्हे. पात्याचा कल जितका कमी, तितका चेंडू सखल व लांब जातो. पन्नास वर्षांपूर्वी सात नंबरच्या पात्याचा कल 35 अंशांहून अधिक असे. आज पुष्कळ कारखानदार तो 30 अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी ठेवतात. तेव्हा वाढलेल्या अंतराचे काही श्रेय मनगटाचे नसून कारखान्याचे आहे.

शिवाय लांब फटक्यासाठी ड्रायव्हर आहेच. आयर्नचे कार्य चेंडू हिरवळीवर उतरवून तेथेच थांबविण्याचे. कललेल्या पात्यामुळे चेंडूस उलटी फिरकी मिळते. तो उंच चढतो, तीव्र कोनात उतरतो व लवकर स्थिरावतो. छिद्राचा व्यास अवघा 108 मिलिमीटर! वीस यार्ड पुढे गेलेला चेंडूही चुकलेलाच.

1971 साली ॲलन शेपर्ड यांनी चंद्रावर सहा नंबरच्या आयर्नने चेंडू टोलविला आणि तो मैलोगणती गेल्याचे उद्गार काढले. 2021 साली छायाचित्रांवरून मोजता तो सुमारे 40 यार्ड भरला!

शेपर्डांचे ते कौतुकच होते. आपण मात्र आपले खरे अंतर प्रामाणिकपणे जाणावे. जो ते जाणतो, त्याच्याच हाती योग्य आयर्न येतो.