लेसरआधीचे चार आठवडे

टी. नगरला चेन्नईकर लग्नाच्या खरेदीसाठी जातात. पनगल पार्कभोवती पट्टूसाड्या, उस्मान रोडवर सोनं, आणि रंगनाथन स्ट्रीटवर उरलेलं सगळं, मुंगीलाही वाट नसलेल्या गर्दीत. याच भागात त्वचेचे दवाखानेही आहेत, आणि मुरुमांचे खड्डे बुजवायला आलेल्यांत बोहल्यावर चढणारे असतातच. मार्गळी महिन्यात तमिळ घरांत लग्नं होत नाहीत. जानेवारीच्या मध्याला तै लागला की मुहूर्त सुरू होतात. तेव्हा मधल्या रिकाम्या महिन्यात लेसर उरकून घेऊ, असं कुणाच्याही मनात येईल. नेमकं तेच करू नये.

खड्ड्यांसाठी वापरतात तो कार्बन डायऑक्साइड लेसर 1964 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. ते बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. आपल्याकडे हे फारसं कुणी सांगत नाही. हा किरण पेशींतलं पाणी शोषून घेतं आणि त्या पेशी क्षणात वाफ होऊन जातात. आताचा फ्रॅक्शनल लेसर सगळी त्वचा न सोलता चाळणीसारखी बारीक छिद्रं पाडतो, मधली शाबूत त्वचा जखम भरून काढते. खपल्या आठवड्याभरात पडतात. सावळ्या त्वचेची खरी परीक्षा त्यानंतर असते. भाजल्याच्या चिडीने रंगपेशी जास्त रंग ओततात आणि तीन-चार आठवड्यांनी, म्हणजे ऐन मुहूर्ताच्या सुमारास, काळे डाग उमटू शकतात. त्वचेच्या फिट्झपॅट्रिक वर्गीकरणातल्या सहा प्रकारांत आपली त्वचा बहुधा चौथ्या-पाचव्यात मोडते, तिथे हा धोका जास्त.

म्हणून डॉक्टर दोन ते चार आठवडे आधी मलमं सुरू करतात. रंग बनवणाऱ्या टायरोसिनेजला रोखायला रात्री हायड्रोक्विनोन, कधी त्याऐवजी कोजिक किंवा अ‍ॅझेलिक आम्ल. मृत थर पातळ करायला, नव्या पेशी लवकर वर आणायला ट्रेटिनॉइन, तेही सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढंच. दिवसा सनस्क्रीन. जळजळणारं मलम लेसरच्या काही दिवस आधी थांबवतात. गरोदरपणात ट्रेटिनॉइन टाळतात.

याने डाग खरोखर टळतात का? 1999 साली वेस्ट आणि अल्स्टर यांनी शंभर रुग्णांवर हे पाहिलं: काहींना ट्रेटिनॉइन-हायड्रोक्विनोन, काहींना ग्लायकोलिक आम्ल, काहींना काहीच नाही. डाग पडण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. कारण पटण्यासारखं आहे. पूर्ण थर सोलल्यावर नवी त्वचा केसांच्या मुळांकडून वर येते, आणि तिथल्या रंगपेशींपर्यंत मलम पोचत नाही. पण ते रुग्ण उजळ त्वचेचे होते आणि लेसर जुन्या पद्धतीचा. त्यामुळे आपल्याकडचे डॉक्टर ही तयारी सोडत नाहीत, आणि मला त्यात वावगं वाटत नाही. मलम लावल्यावर चेहरा किती चिडतो, रुग्ण चेन्नईच्या उन्हात सनस्क्रीन नेमाने लावतो का, हे त्या आठवड्यांत कळतं. ज्याला एवढं जमत नाही, त्याच्यावर लेसर चालवण्याची घाई कशाला?

भीती वेगळीच आहे. 1975 साली क्लिगमन आणि विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड एकत्र केलं. आज त्याचीच सौम्य रूपं काही आठवड्यांच्या उपचारासाठी असताना गोरेपणाची क्रीम म्हणून वर्षानुवर्षं चोपडली जातात. एकाने सुचवायचं, दुसऱ्याने औषधाच्या दुकानातून नुसतं नाव सांगून आणायचं. स्टिरॉइडने त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, लव वाढते, बंद केलं की चेहरा भडकतो. हायड्रोक्विनोनच्या अतिरेकाने निळसर-काळी ओक्रोनोसिस होते, ती सहजी जात नाही. त्वचेवर लावायच्या अनेक स्टिरॉइडांना चिठ्ठी सक्तीची करणारा नियम 2016 साली आला. कागदावर तो आहे. अशी क्रीम वापरत असाल तर लेसरआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ओठांवर ताप-फोड येण्याची सवय असेल तर तेही सांगा; विषाणूवरची गोळी आधी सुरू करावी लागते.

खड्ड्यांखालचं कोलॅजन तीन ते सहा महिने घडत राहतं, शिवाय एका बैठकीत भागतंच असं नाही. तेव्हा जानेवारीच्या लग्नाचं पहिलं मलम आडी महिन्यातल्या, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या सेलच्या दिवसांत सुरू झालेलं बरं.

शेवटचं मलम लेसरच्याच दिवशीचं. त्वचा बधिर करायला लिग्नोकेन-प्रायलोकेनचा जाड थर साधारण तासभर ठेवून पूर्ण पुसतात. हे दवाखान्यातच लावून घ्या. अमेरिकेत केस काढायच्या लेसरआधी पायभर बधिरीचं जहाल मलम लावून वर प्लॅस्टिक गुंडाळलेल्या दोन तरुणी दगावल्या, आणि 2007 साली तिथल्या औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला.