गुन्हे न झाकणारे शहर : बर्लिन

परदेशातील राजधानी म्हटली की राजवाडे, पुतळे आणि विजयाच्या कमानी डोळ्यांसमोर येतात. जर्मनीच्या राजधानीत, बर्लिनमध्येही हे सारे आहे. परंतु या शहराने आणखी एक गोष्ट केली आहे. आपल्या हातून घडलेले गुन्हे झाकून न ठेवता ते भर रस्त्यावर मांडले आहेत.

मार्गदर्शकाबरोबर पायी फिरून हे सारे पाहता येते. आमची फेरी ब्रांडेनबुर्ग दरवाजापासून सुरू झाली. हा दरवाजा 1791 साली पूर्ण झाला. 13 ऑगस्ट 1961 रोजी शहराच्या दोन भागांमधील सीमा बंद झाली आणि तो भिंतीच्या हद्दीत अडकला. 9 नोव्हेंबर 1989 रोजी ती भिंत लोकांसाठी खुली झाली. तोवर तिच्यापायी किमान 140 जणांचा बळी गेला होता. आज भिंतीच्या जागी रस्त्यात दगडांची दुहेरी ओळ बसवली आहे.

पाण्यातले फूल

दरवाजाच्या बाजूलाच, संसद भवनाजवळ झाडांच्या सावलीत काळ्याशार पाण्याचे एक गोल कुंड आहे. मध्ये त्रिकोणी दगड आणि त्यावर रोज एक ताजे फूल. हिटलरच्या राजवटीत मारल्या गेलेल्या सिंती व रोमा लोकांचे हे स्मारक. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी भारतातून तिकडे गेले. त्यांच्या भाषेत आजही पाण्याला 'पानी' आणि नाकाला 'नाख' म्हणतात, हे ऐकून आम्ही थबकलो.

हे स्मारक कुणी सहजासहजी दिलेले नाही. युद्ध 1945 साली संपले. 1956 साली तेथील वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला की 1943 पूर्वी या लोकांचा झालेला छळ वांशिक नव्हताच. त्यामुळे अनेकांची नुकसानभरपाई बुडाली. 1980 साली सिंती कार्यकर्त्यांनी दाखाउ येथील जुन्या छळछावणीच्या जागी उपोषण केले. 1982 साली सरकारने हा वंशसंहार मान्य केला आणि स्मारक उभे राहिले ते 2012 साली!

दरवाजाच्या दुसऱ्या बाजूला ज्यू बळींचे स्मारक आहे. 2005 साली खुल्या झालेल्या या स्मारकात काँक्रीटचे 2711 ठोकळे आहेत. आत शिरावे तसे ते उंच होत जातात आणि सोबतचा माणूस दिसेनासा होतो. आणि हिटलरचे तळघर? त्या जागी मोटारी उभ्या असतात. माहितीचा एक फलक, एवढेच.

रिकामी कपाटे

पुढे बेबेल चौक लागतो. लाकूडकाम करणाऱ्या, कामगारांचे पुढारी झालेल्या ऑगस्ट बेबेल यांचे नाव या चौकाला आहे. 10 मे 1933 रोजी येथे मार्क्स, फ्रॉइड यांच्यासह अनेकांची हजारो पुस्तके जाळली गेली. जाळणाऱ्यांत पुढाकार होता विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा! नुसते शिक्षण माणसाला शहाणे करत नाही, हे येथे पटते. आज चौकाच्या फरशीत एक काच बसवली आहे. खाली डोकावले की पुस्तकांची पांढरी कपाटे दिसतात, सारी रिकामी.

वाकून वाचावी अशी नावे

शहरभर घरांसमोरच्या फुटपाथवर वीतभरही नसलेले पितळी चौकोन आहेत. गुंटर डेमनिग या कलावंताने ही कल्पना काढली. 'येथे राहत होता' असे लिहून खाली नाव, जन्मसाल, कधी नेले, कोठे मारले. युरोपभर असे 1 लाखाहून अधिक दगड बसवले गेले आहेत. ते वाचायला वाकावे लागते. शाळेतील मुले या माणसांची माहिती शोधतात, पितळ घासून लखलखीत करतात.

वाचकहो, बळी गेलेल्यांची नावे आपोआप टिकत नाहीत. कुणीतरी ती शोधावी लागतात, लिहावी लागतात, त्यासाठी भांडावेही लागते. आपल्या घरातील म्हातारी माणसे काय काय सोसून येथवर आली, हे आपल्या मुलांना ठाऊक आहे काय? एखाद्या रविवारी वही-पेन घेऊन त्यांच्याजवळ बसावे. नावे, गावे, साले लिहून घ्यावीत. या कामाला सरकारची परवानगी लागत नाही.