बोटासारखा चाचपणारा मायक्रोस्कोप आणि आपला सिकलसेल

अल्लीपूरच काय, साऱ्या विदर्भात सिकलसेलचं नाव नवीन नाही. या आजारात रक्ताच्या लाल पेशी ताठ होतात, असं डॉक्टर सांगतात. पण हा ताठपणा मोजतात कसा? निरोगी लाल पेशी इतकी लहान, की एका मिलिमीटरमध्ये ओळीने सव्वाशे बसतील!

तो मोजता येतो ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपने. बिनिग, क्वेट आणि गर्बर या शास्त्रज्ञांनी हे यंत्र १९८६ मध्ये जगापुढे आणलं. शाळेतला मायक्रोस्कोप उजेडाने पाहतो, हा स्पर्शाने ओळखतो. अंधारात आपण हाताने चाचपतो ना, अगदी तसं. एका लवचिक पट्टीच्या टोकाला अतिशय बारीक सुई असते. ती नमुन्यावरून फिरताना पट्टी वरखाली लवते आणि पट्टीच्या पाठीवरून परतणारा लेसरचा किरण सरकतो. मुलं आरशाने भिंतीवर कवडसा पाडतात, तेव्हा आरसा जरासा हलला तरी कवडसा केवढा पळतो! हीच युक्ती इथे आहे. म्हणून फक्त २ नॅनोमीटर जाडीचा डीएनएचा धागाही या सुईला कळतो.

मोठा फायदा असा की नमुना वाळवावा लागत नाही. द्रवात ठेवलेल्या जिवंत पेशीवरही काम चालतं. आंबा दाबून पाहावा तशी सुई पेशी हलकेच दाबते आणि ती किती मऊ, किती ताठ ते आकड्यात सांगते. सिकलसेलच्या पेशी निरोगी पेशींपेक्षा ताठ असल्याचं अशाच मोजणीत दिसलं आहे.

याचं मूळ अगदी छोटं आहे. हिमोग्लोबिनमधल्या १४६ दुव्यांच्या साखळीत सहावा दुवा बदललेला असतो. ऑक्सिजन कमी झाला की असे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात. पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नसांत अडकते आणि असह्य दुखतं.

पुण्याच्या आयसर संस्थेत डॉ. शिवप्रसाद पाटील यांच्या प्रयोगशाळेत याच यंत्राने प्रथिनाचा एकेक रेणू ओढून त्याची ताकद तपासतात. आपली मुलं-मुलीही विज्ञान शिकून तिथवर जाऊ शकतात.

मात्र घरच्यांना तपासणीसाठी या यंत्राची गरज नाही, रक्ताची साधी चाचणी पुरते. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक स्वतः बहुधा ठणठणीत असतो, त्यामुळे चाचणीशिवाय कळत नाही. नात्यात सोयरीक जुळवताना तर ही चाचणी निकाहाच्या आधीच करून घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही.