दोन पडदे, एकच रंग

नेकारसुल्म हे ऑडीच्या कारखान्याचे गाव. अशा ठिकाणी पडद्यावर रंगछटा पारखणाऱ्याच्या मेजावरील दोन मॉनिटर एकच लाल रंग दोन तऱ्हांनी दाखवू लागले, तर निर्णय कोणावर विसंबून घ्यावा?

प्रथम दोन्ही पडदे अर्धा तास चालू ठेवून स्थिरावू द्यावेत. आपोआप बदलणारी तेजस्विता आणि रात्रीची पिवळसर झाक बंद करावी. मग कलरीमीटरने दोहोंसाठी एकच लक्ष्य ठरवावे : शुभ्रबिंदू ६५०० केल्विन, गॅमा २.२, तेजस्विता प्रति चौरस मीटर सुमारे १२० कॅन्डेला. जुना पडदा तेवढा उजळत नसेल, तर नव्यालाच त्याच्या पातळीवर उतरवावे; मंदावलेल्याला वर चढवता येत नाही. शेवटी प्रत्येकाची स्वतंत्र रंग-प्रोफाइल तयार करावी.

तरीही दोन पडद्यांच्या पार्श्वप्रकाशाची जात भिन्न असल्यास आकडे जुळूनही पांढरा रंग वेगळा भासतो. अशा वेळी एका पडद्याचा शुभ्रबिंदू नजरेने जुळवावा. खोलीतील उजेडही स्थिर हवा. डिसेंबरात येथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि दुपारी जुळलेला रंग सायंकाळी निराळा वाटतो. एवढे करूनही छटांत फरक उरलाच, तर रंगाचा निर्णय नेहमी एकाच, ठरलेल्या पडद्यावर घ्यावा.